पांढऱ्या गाठी

१

काचघराचं कुलूप तुटून उंबऱ्यापाशी पडलं होतं आणि आत घेवड्याच्या रोपांची अख्खी एक रांग पिवळी पडून माना टाकून उभी होती. शेजारची रांग मात्र हिरवीगार होती. या भानगडीशी आपलं काही देणंघेणं नाही, असा तिचा थाट होता.

हे सगळ्यात आधी पाहिलं प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी. निदान ते तसं सांगत होते. त्यांना सगळे नुसतं सर म्हणत. सरांनी एक पिवळं रोप उपटलं, मुळं नळाखाली धुतली, मुळावरची बारीक गाठ नखाने फोडली आणि आत पाहिलं. मग बराच वेळ ते कोणाशी काही बोलले नाहीत.

त्याच दिवशी संध्याकाळी पाहुणे येणार होते. ही रांग त्यांना दाखवायची, टाळ्या घ्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी जिवाणूंची पाकिटं ट्रकमध्ये भरून गावोगाव पेरणीला रवाना करायची, असा सगळा बेत होता. त्या बेतावर पाणी पडलं होतं. म्हणून मुख्य कार्यालयाने तपासनीस बाईंना धाडलं.

बाईंना एका जागी बसवत नसे. त्यांच्या थोरल्या भावाने लहानपणीच त्यांचं नाव भिंगरी ठेवलं होतं. आता पन्नाशी उलटली तरी ते चिकटून होतं, फक्त लोक पाठीमागे म्हणत. एके काळी बाई स्वतः जिवाणूंवर संशोधन करायच्या. आता या प्रयोगशाळेतून त्या प्रयोगशाळेत फिरून त्या खोटे निकाल आणि चोरलेले नमुने उकरून काढत. शास्त्रज्ञ लबाडी करतो तेव्हा ती फार हुशारीने करतो, त्यामुळे या कामात त्यांचा वेळ बरा जायचा.

सरांच्या खोलीत त्यांनी खुर्ची नाकारली आणि खिडकी ते कपाट अशा येरझाऱ्या सुरू केल्या.

"सर, मला थोडक्यात सांगा. या रांगेत एवढं काय होतं?"

"घेवड्याच्या मुळांवर गाठी येतात. त्यात जिवाणू राहतात. ते हवेतला नत्र पकडून झाडाला देतात, झाड त्यांना साखर देतं."

"एवढं मला माहीत आहे."

"गाठीच्या आत प्राणवायू कमी झाला, की जिवाणूतलं एक कर्तं जनुक जागं होतं आणि बाकीच्या जनुकांना कामाला लावतं. ती कळ दाबली गेली की कारखाना सुरू. पण जमिनीत आधीच खत असेल तर सगळं सुस्तावतं."

"फुकट मिळतंय तर राबायचं कशाला. माझा भाऊही असाच आहे."

सर हसले नाहीत. "आम्ही ती कळ बदलली. आमची जात सुस्तावत नाही. तिचं नाव आम्ही 'जागी' ठेवलं. माझ्या आयुष्याची कमाई आहे ती. मी या वर्षी निवृत्त होतोय."

त्यांनी एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. संशोधक मुलीला बडतर्फ करण्याचा तो हुकूम होता. खाली तपासनिसाच्या सहीची जागा कोरी होती. "ही मुलगी काल उशिरापर्यंत काचघरात होती. कुलूप तोडून चोरीचा देखावा तिनंच केला असणार. तिची पदवीही अडकली आहे यात. मला वाईट वाटतं. पण संध्याकाळच्या आत सही हवी."

बाईंनी कागदाकडे पाहिलं आणि त्याची घडी करून पर्समध्ये टाकला. सही करायची घाई ज्याला असते, त्याच्याकडे जरा सावकाश पाहावं, असा त्यांचा अनुभव होता.

२

दारातच सरांचे जावई भेटले. पाकिटांचा कारखाना त्यांचा. प्रयोगशाळेत त्यांना सगळे दशमग्रह म्हणत, कारण ते आले की कोणाचं ना कोणाचं काहीतरी बिघडायचंच.

"मॅडम, सरळ गोष्ट आहे," जावई म्हणाले. "रात्री कोणीतरी आत शिरलं, रोपांना काहीतरी पाजलं आणि सकाळपर्यंत रोपं पिवळी. काल ती टवटवीत होती."

"काल तुम्ही पाहिली होती?"

"मी? नाही. पण असणारच ना. नाहीतर ती मुलगी बोलली नसती का?"

"ती बोलते का?"

जावई जरा गडबडले. "तसं ती कोणाशीच बोलत नाही. मौनी म्हणतात तिला. पण मॅडम, चोरीच झाली आहे. आणि गेल्या हंगामाचे फोटो आहेतच की. तेवढ्यावर पाकिटं उद्या जाऊ शकतात."

बाईंच्या मनात पाल चुकचुकली. ज्याचं नुकसान झालं तो माणूस एवढा तयारीत कसा? पण त्यांनी ते बोलून दाखवलं नाही.

शीतकपाटांच्या खोलीत कुलूपकाकू बसल्या होत्या. सगळ्या जिवाणूंच्या गोठवलेल्या नळ्या त्यांच्या ताब्यात असत. चाव्यांचा जुडगा त्या गळ्यात घालत आणि नळी मागायला आलेल्या माणसाकडे उसने पैसे मागणाऱ्या नवऱ्याकडे बघावं तसं बघत.

"ताई, माझ्या हातून आजवर एक नळी इकडची तिकडे गेलेली नाही," काकूंनी न विचारताच सांगितलं. "मी उघडणार, मी काढणार, मी देणार. सरांनासुद्धा हात घालू देत नाही."

"जागीची नळी कोणी कोणी नेली?"

"मौनीनं. ती परत आणून द्यायची तेव्हा मी तिच्या जागेवर ठेवायची. त्यातूनच जावईबापूंच्या कारखान्यात जामन गेलं."

"जामन?"

"हो, विरजणासारखं. एका नळीतलं थेंबभर घेऊन पिंपंच्या पिंपं वाढवतात."

बाई शीतकपाटाचे कप्पे चाळत फिरत होत्या. "आणि या मागच्या धूळ खात पडलेल्या नळ्या?"

"सरांच्या तरुणपणीच्या. आता कोण विचारतंय त्यांना. तरी वर्षातून एकदा त्यांना उठवायचं, खायला घालायचं आणि परत गोठवायचं, नाहीतर मरतात. कंटाळवाणं काम. कोणी करायला तयार नसतं, चिठ्ठ्या टाकाव्या लागतात." काकू थांबल्या. "या वर्षी मौनीनं आपणहून मागून घेतलं."

"का?"

"मीही तेच विचारलं. ती म्हणाली, असंच. असं काम कोणी असंच मागतं का हो?"

बाईंच्या येरझाऱ्या एकदम थांबल्या.

३

काचघरात मौनी हिरव्या रांगेला पाणी घालत होती. तिशीच्या आतली बारीक मुलगी होती. तिने बाईंना पाहून झारी खाली ठेवली आणि हात पुसले.

"रोपं रोज कोण बघायचं?"

"मी."

"दुसरं कोणी?"

"नाही. एका रांगेचे जिवाणू दुसऱ्या रांगेत जाऊ नयेत म्हणून एकाच माणसानं आत यायचं असतं."

बाईंनी पुढे बरेच प्रश्न विचारले, पण ती ताकास तूर लागू देईना. मग बाई खाली बसल्या आणि पिवळ्या रोपांचे बुंधे बघू लागल्या. घेवडा उपाशी राहिला की आधी जुनी, खालची पानं पिवळी करतो आणि गाळून टाकतो. प्रत्येक बुंध्यावर गळलेल्या पानांचे व्रण होते, चांगले वाळलेले, जुने. पण कुंडीत किंवा फरशीवर एकही पान नव्हतं.

त्यांनी एक रोप उपटलं. मुळांवर गाठी भरपूर होत्या, पण सगळ्या बारक्या आणि सगळीकडे विखुरलेल्या. एक फोडली, ती आतून पांढरी. दुसरीही तशीच. दहा-बारा फोडल्या तरी रंग बदलेना. हिरव्या रांगेतलं रोप उपटलं, तर त्याच्या गाठी मोठ्या आणि आतून छान लालसर होत्या. चालू गाठ अशीच दिसते.

"तू घाबरली नाहीस," बाई म्हणाल्या. "तुझी नोकरी जातेय, पदवी जातेय आणि तू दुसऱ्या रांगेला पाणी घालतेस."

"या रांगेची चूक नाही."

"आणि त्या रांगेची?"

मौनीने पिवळ्या रोपांकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले. बाईंना ते मुळीच अपेक्षित नव्हतं. दोषी माणूस रडतो ते स्वतःसाठी, ही तर झाडांकडे बघून रडत होती.

"बेटा, रोपं कधीपासून पिवळी पडतायत?"

मौनी उत्तर न देता बाहेर निघून गेली. त्या न दिलेल्या उत्तरात बाईंना बरंच काही मिळालं. त्यांनी झारी उचलून जागेवर ठेवली आणि सगळ्यांना सरांच्या खोलीत बोलावलं.

४

सर टेबलामागे बसले, जावई दाराशी उभे राहिले, काकू चाव्या आवळून स्टुलावर टेकल्या आणि मौनी भिंतीला लागून उभी राहिली. बाई अर्थातच फिरत होत्या.

"सर, एक शास्त्रीय प्रश्न. चालू असलेली गाठ विष घालून मारली, तर आतून कशी दिसेल?"

"हिरवी पडेल. लाल रंग कुजला की हिरवट होतो." सर सवयीने बोलून गेले आणि मग त्यांचे ओठ मिटले. खरा शास्त्रज्ञ माणूस. खोटं बोलायचं ठरवलं होतं, पण विषयाचा प्रश्न आला की जिभेवर खरंच यायचं.

"या गाठी पांढऱ्या आहेत. म्हणजे त्या मेल्या नाहीत, त्या कधी चालूच झाल्या नव्हत्या. पेरणीच्या दिवसापासून. तुम्ही सकाळी गाठ फोडून गप्प झालात ते म्हणूनच. काल रात्री या काचघरात काहीही घडलेलं नाही."

"मग कुलूप?" जावई म्हणाले.

"त्याच्याकडेच येतेय. घेवडा एका रात्रीत असा पिवळा पडत नाही, हे इथं सगळ्यांना माहीत आहे. सरांना, मौनीला, बाटल्या धुणाऱ्यालासुद्धा. चोर रात्री आला हे पटवण्यासाठी कुलूप तोडणारा माणूस असा हवा, ज्याला हे माहीत नाही. अशा माणसाशी मी सकाळीच बोलले. रोपं काल टवटवीत होती, असं तो मला छातीठोकपणे सांगत होता."

जावई सासऱ्यांकडे बघू लागले. सर खिडकीबाहेर बघत होते.

"पप्पांनी सकाळी फोन केला," जावई शेवटी म्हणाले. "सगळी रांग गेली म्हणाले. मला दुसरं काही सुचलं नाही. चोरी झाली म्हटलं की प्रयोग फसला असं कोणी म्हणणार नाही."

"हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय," काकू पुटपुटल्या.

"पण मग रोपं कोणी मारली?" जावयांचा आवाज चढला. "ते या मुलीनंच केलं ना? पप्पा खोटं नाही बोलले."

"नाही," बाई म्हणाल्या. "तेवढं ते खरं बोलले."

काकूंनी मौनीकडे पाहिलं, आणि मौनीने मान खाली घातली.

५

"सरांच्या जुन्या नळ्यांमध्ये एक जात असणार, जिची कळ तुटलेली आहे," बाई म्हणाल्या. "गाठी करते, पण कर्तं जनुक कधी उठतच नाही. आहे ना, सर?"

"आहे. माझा पहिला शोध तो," सर हळू आवाजात म्हणाले. "कळ तोडल्यावर काय होतं, त्यावरूनच कळ कुठे आहे ते सापडलं. अशाच विखुरलेल्या, पांढऱ्या गाठी. सकाळी बघताक्षणी ओळखल्या."

"मौनीनं जुन्या नळ्या उठवायचं काम मागून घेतलं आणि परत करताना दोन्ही जातींची अदलाबदल केली. काकूंनी नळ्या जागेवर ठेवल्या, पण नळीतलं बदललेलं होतं. पेरणी त्यातूनच झाली. मग रोज एकटीनं आत जाऊन गळलेली पानं उचलायची, म्हणजे आजच्या दिवसापर्यंत कोणाला कळू नये. इथवर मला सगळं समजलं. पण एका ठिकाणी मी अडले. चोरीच करायची, तर तिनं शेजारच्या हिरव्या रांगेतली साधी जात का नाही ठेवली? रोपं हिरवी राहिली असती, गाठी लाल. वर्षभर कोणाला पत्ता लागला नसता. पांढरी गाठ ठेवणं म्हणजे चोरानं घरात शिरून ताट वाजवण्यासारखं आहे. तिला हे उघडकीलाच आणायचं होतं, तेही पाहुण्यांसमोर. का?"

बाई सरांकडे वळल्या. "सर, तुम्ही रोपं कधी कापता?"

"फुलोऱ्यात. नत्र मोजायचा तर तीच वेळ योग्य. सगळं जग फुलोऱ्यातच कापतं."

"म्हणजे जागीच्या शेंगा इथं कोणी पाहिल्याच नाहीत."

"मी पाहिल्या," मौनी म्हणाली.

ती बाहेर गेली आणि एक वाळलेलं रोप घेऊन आली. पानांचा नुसता पसारा आणि त्यात लोंबणाऱ्या लांबलचक शेंगा. तिने एक शेंग बाईंच्या हातात दिली. बाईंनी ती अंगठ्याने दाबली. शेंग चपटी झाली, आत दाणा नव्हता. दुसरीत एक होता, सुरकुतलेला.

"एक कुंडी कापायची राहून गेली होती," मौनी म्हणाली. "पाण्याच्या टाकीमागे. नंतर मुद्दाम आणखी लावल्या. सगळ्या अशाच. जागी झोपत नाही ना. शेंगा भरायच्या वेळी झाडाला साखर दाण्याला द्यायची असते, पण ही मागतच राहते. पानं हिरवीगार आणि शेंगा पोकळ. मी सरांना दाखवलं."

"एका कुंडीवरून काही ठरत नाही," सर म्हणाले. त्या शब्दांत जोर नव्हता.

"दुसऱ्यांदा दाखवल्या तेव्हा तुम्ही म्हणालात, पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी तर तुम्ही इथं नसणार, सर," बाई म्हणाल्या.

जावई मध्येच म्हणाले, "पण पाकिटं तर उद्या..." आणि मग त्यांच्या लक्षात आलं. "त्याच नळीतून माझं जामन आलं."

"हो. तुमच्या गोदामातल्या प्रत्येक पाकिटात कळ तुटलेली जात आहे. ती पेरली तर शेतंच्या शेतं अशी पिवळी पडतील."

जावई खाली बसले.

"म्हणून तर आज उघडकीला यायला हवं होतं," मौनी म्हणाली. "मी बोलले असते तर कोणी ऐकलं असतं? सरांचं नाव केवढं, माझं काय. पाहुण्यांसमोर रांग पिवळी दिसली असती, तर पाकिटं आपोआप अडली असती. सर त्यांच्या आधी आत येतील आणि कुलूप तुटेल, हे मला सुचलं नव्हतं. आज संध्याकाळी मी सगळं सांगणार होते."

सरांनी शेंगेचं टरफल हातात घेतलं. ते दोन बोटांत फिरवलं. मग त्यांनी फोन उचलला आणि पाहुण्यांना सांगितलं, की कार्यक्रम रद्द आहे, पाकिटं जाणार नाहीत, कारण प्रयोगात दोष आहे आणि तो त्यांना ठाऊक होता. बाईंना त्या क्षणी त्यांची फार दया आली.

६

बडतर्फीचा कागद पर्समधून निघाला. बाईंनी तो उलगडला आणि तशाच उभ्या राहिल्या.

नियम साधा होता. साठ्यातली जात जाणूनबुजून बदलणाऱ्याला प्रयोगशाळेत जागा नाही. नळीवरच्या नावावर विश्वास राहिला नाही तर हा सगळा डोलारा कोसळतो, हे बाईंना पटत होतं. आजवर किती लबाडांवर त्यांनी याच नियमाने सही केली होती आणि घरी जाऊन पोटभर जेवल्या होत्या.

"ताई," काकू उठल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "लिहा, की कुलूपकाकूच्या हातून नळी चुकली. वय झालंय, चष्मा बदलायचा राहिलाय. मी सही करते."

"काकू, तुमच्या हातून कधी एक नळी चुकली नाही."

"म्हणून तर एकदा चालेल."

बाईंनी मौनीकडे पाहिलं. "असं लिहिता येईल मला. पदवी वाचेल तुझी."

"नको," मौनी म्हणाली. "तसं लिहिलंत तर काकूंनी कपाटात ठेवलेली एकही नळी कोणी खरी मानणार नाही. पाकिटं थांबली ना?"

"थांबली."

"मग जे झालं ते लिहा."

बाईंनी त्याच कागदावर लिहिलं. मुलीने काय केलं ते, का केलं ते, आणि सरांनी काय दडवलं तेही. जावयांच्या कुलपालाही एक ओळ दिली. सही करून त्यांनी कागद टेबलावर ठेवला. मौनीने तो वाचला आणि आपली सही केली.

"आणि जागी?" सरांनी विचारलं. "टाकून दिलीस?"

"छे. तुमच्या जुन्या नळीत आहे, काकूंच्या कपाटात. जिवंत आहे." मौनी टेबलाजवळ आली. "सर, ती वाईट नाहीये. तिला झोपायची वेळ तेवढी शिकवायला हवी. शेंगा भरू लागल्या की मुळात साखर कमी यायला लागते. साखरेवर चालणारी एखादी कळ कर्त्या जनुकाच्या पुढे जोडली, तर तेव्हा ते आपोआप मिटेल. मी जुळवून पाहत होते. दोन जागा मनात आहेत, पहिली नाही जमली तर दुसरी."

"कुठल्या जागा?"

ती सांगू लागली. इतकं सलग बोलताना तिला त्या खोलीत कोणी ऐकलं नव्हतं. कुठे कापायचं, काय जोडायचं, कुठे चूक होऊ शकते, आणि रोपं फुलोऱ्यात कापायची नाहीत, शेंगा वाळेपर्यंत ठेवायची, हे तिने दोनदा बजावलं. आता हे काम दुसऱ्याच कोणाला करावं लागणार होतं, म्हणून ती काही सुटू देत नव्हती. बडतर्फीचा कागद तिच्या कोपरापाशी पडला होता. सरांनी तो जरा बाजूला सारला, एक कोरा कागद ओढला आणि ती सांगेल ते खाली मान घालून लिहून घेऊ लागले.